बॅटरी ‘गुड’ आणि तरी फोन बंद: रावेर तालुक्यातल्या एका मोबाईलचं प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा अँड्रॉइड फोन. बॅटरी ५,००० एमएएच, चार्जर ३३ वॉटचा, वापर तीन वर्षांहून थोडा जास्त. या फोनवर काय काम चालतं ते आधी बघू, कारण बॅटरीवरचा भार त्यातूनच कळतो. पहाटे घड कापणीच्या वेळी व्यापाऱ्याला आणि गाडीवाल्याला फोन, कापलेल्या मालाचे फोटो, दिवसभर व्हॉट्सॲपवर केळीचे भाव, विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला (कॉल केला की पंप चालू-बंद करणाऱ्या पेटीला) कॉल, आणि हंगामात ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून जीपीएस चालू ठेवून काढलेले फोटो. रात्रपाळीची थ्री फेज लाईन असली की मुक्काम शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, आणि फोन रात्रभर चार्जरला. एरवी तो मोटारसायकलच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये, उघड्या उन्हात.

पहिली तक्रार जानेवारीत आली. पहाटेच्या गारठ्यात कॅमेरा उघडला की ४० टक्के दाखवत असतानाच फोन बंद व्हायचा. चार्जर लावून चालू केला की पुन्हा ३५-३८ टक्के दिसायचे. मार्चमध्ये हे प्रकार आपोआप कमी झाले, त्यामुळे फोन ‘बरा झाला’ असं घरच्यांना वाटलं. मेमध्ये दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या. दुपारी चार्जिंग मध्येच थांबायचं, आणि दिवसातून दोनदा चार्ज करावं लागायचं. फोन बंद पडणंही परत आलं, फक्त आता २२-२५ टक्क्यांवर.

तालुक्याच्या गावातल्या दुकानात फोन दाखवला. दुकानदाराने डायलरवर *#*#४६३६#*#* टाकून बॅटरीचं पान उघडलं. तिथे आरोग्याच्या ओळीत ‘गुड’ लिहिलेलं होतं. निदान झालं: “भाऊ, बॅटरी गुड दाखवते. चार्जिंग आयसी गेलेली आहे, बोर्डाचं काम निघेल.” चार्जिंग आयसी म्हणजे बोर्डावरची, चार्जिंग सांभाळणारी चिप. अंदाज २,८०० रुपये. दुसऱ्या दुकानात फोन न उघडताच सांगण्यात आलं की बॅटरी बदला, सहा हजारवाली टाकतो, ६५० रुपयांत.

मग फोन आमच्याकडे तपासणीला आला. दोन निदानं, दोन्ही मोजल्याविना केलेली. दुसरं निदान बरोबर होतं, उपाय मात्र चुकीचा. पहिलं साफ चुकलेलं होतं, आणि चुकण्याचं कारण तो ‘गुड’ हा शब्द.

‘गुड’चा अर्थ

अँड्रॉइडमधली ही ओळ बॅटरीत किती जीव उरला आहे हे सांगत नाही. या क्षणी पेशी (बॅटरीच्या आतला सेल) फार तापलेली, फार गार, प्रमाणाबाहेर व्होल्टेजवर किंवा पूर्ण मेलेली नाही, एवढंच ती सांगते. निम्मी क्षमता गेलेली बॅटरीही तिथे निवांत ‘गुड’ दिसते. हे पान बघून ‘बॅटरी चांगली आहे, म्हणजे बोर्ड खराब’ असा निष्कर्ष काढणं हा आपल्याकडच्या दुकानांतला सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. त्यापायी चांगल्या बोर्डावर हिट गन (गरम हवेची बंदूक) चालते.

बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिच्यात दोन बदल होतात आणि ते वेगवेगळे समजून घ्यावे लागतात. पहिला बदल क्षमतेत: ५,००० एमएएच मावायचे तिथे ३,६०० मावतात. त्याने फोन लवकर संपतो, पण शेवटपर्यंत चालतो. दुसरा बदल अंतर्गत रोधात, म्हणजे पेशीच्या आतून वीज बाहेर येताना होणाऱ्या अडवणुकीत. तो वाढला की भार पडताक्षणी व्होल्टेज खाली कोसळतं. ‘अमुक टक्क्यांवर अचानक बंद’ ही तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या बदलाची असते.

हिशोब सोपा आहे. २५ टक्क्यांच्या आसपास पेशीचं विसाव्यातलं, म्हणजे भार नसतानाचं, व्होल्टेज साधारण ३.७ असतं. कॅमेरा, जीपीएस, पूर्ण उजेडाचा स्क्रीन आणि मोबाईल नेटवर्क एकदम चालले की फोन क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढू शकतो. रोध ०.१ ओहम असेल तर घट ०.२ व्होल्ट, म्हणजे ३.५ उरतात आणि फोन चालू राहतो. रोध ०.२५ ओहमवर गेला असेल तर घट अर्धा व्होल्ट, उरतात ३.२. बहुतेक फोन ३.४ ते ३.२ व्होल्टच्या पट्ट्यात स्वतःला बंद करून घेतात. टक्के दाखवणाऱ्या गणकाच्या दृष्टीने २५ टक्के माल अजून आत आहे, आणि तो खोटं बोलत नाही. माल आत आहे, पण भार पडला की तो पुरेशा वेगाने बाहेर निघत नाही.

जानेवारीतली तक्रार मार्चमध्ये का गेली, याचं उत्तरही इथेच आहे. थंडीत पेशीचा रोध वाढतो, उबेत कमी होतो. खान्देशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि मेमध्ये पंचेचाळीसला टेकतो. बॅटरीचं खरं नुकसान मेमध्ये होतं, पण ते उघडं पडतं पुढच्या हिवाळ्यात. म्हणून इथल्या फोनच्या बाबतीत ‘उन्हाळा लागल्यापासून ठीक चालतोय’ यावर विश्वास ठेवू नये.

तपासणी, त्याच क्रमाने

सगळ्यात आधी फोनचा आकार. हे सोडून थेट चार्जिंगच्या चाचण्या सुरू करायच्या नाहीत, कारण फुगलेल्या पेशीवर चाचणी घेणं म्हणजे आगीशी खेळ. फोनचं कव्हर काढून तो काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवायचा आणि कोपऱ्याला हलकं ढकलायचं. कॅमेऱ्याचा उंचवटा टेबलाबाहेर ठेवला असेल आणि तरीही फोन मधल्या भागावर डुगडुगत असेल तर पाठ फुगली आहे. मग स्टीलची पट्टी स्क्रीनवर आडवी धरून खालून उजेड दिसतो का बघायचं. बॅक पॅनलची कड आवाजाच्या बटणांच्या बाजूने नखाला लागते का, एलसीडी स्क्रीन असेल तर मधोमध पिवळट डाग दिसतो का, हेही बघायचं. स्क्रीन किंवा पाठ उचललेली दिसली की पुढचे सगळे आकडे बिनकामाचे. फोन बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि बॅटरी बदलायची. आरोग्य ९० टक्के दाखवत असलं तरीही.

या फोनची पाठ बाहेरून सपाट होती. म्हणून पुढे गेलो.

चाचणीची वेळ सकाळी सहाची ठेवली. खोलीचं तापमान २८ अंश. मेमधल्या दुपारी घेतलेली चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते: उष्णतेने रोध कमी दिसतो, त्यामुळे बॅटरी आहे त्याहून धट्टीकट्टी वाटते, आणि चार्जिंग मात्र थांबतं, त्यामुळे चार्जिंगची बाजू बिघडलेली वाटते. नेमका हाच गोंधळ दुकानात झाला होता.

भाराची चाचणी अशी. व्होल्टेज, करंट आणि तापमान दाखवणारं ‘अँपिअर’सारखं एखादं ॲप टाकायचं. चार्ज ४० टक्क्यांवर आला की स्क्रीन मंद करून पाच मिनिटं फोन शांत ठेवायचा आणि व्होल्टेज टिपायचं. इथे आलं ३.७८. मग स्क्रीन पूर्ण उजळ, लोकेशन चालू, फ्लॅशच्या दिव्यासह व्हिडिओ रेकॉर्डिंग, आणि लगेच ॲपवर जाऊन आकडा बघायचा. करंट दीड अँपिअरच्या आसपास असताना व्होल्टेज ३.३६ वर आलं. घट ०.४२ व्होल्ट, म्हणजे रोध साधारण ०.२८ ओहम. ॲपचा आकडा सेकंद-दोन सेकंद मागे असतो, त्यामुळे दुसऱ्या दशांशाला फार किंमत देऊ नये. पण धडधाकट पेशीची ०.१५ व्होल्टची घट आणि इथली ०.४२ यांतला फरक कुठल्याही ॲपवर लपत नाही.

पुढची पायरी माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. तोच फोन दोन वेळा संपवायचा. एकदा जड भारावर: व्हिडिओ रेकॉर्डिंग, पूर्ण उजेड. एकदा हलक्या भारावर: विमान मोड, मंद स्क्रीन, नुसतं घड्याळाचं पान उघडं. जड भारावर हा फोन २२ टक्क्यांवर बंद पडला. हलक्या भारावर ३ टक्क्यांपर्यंत गेला. बॅटरी तीच, फोन तोच, बंद होण्याचा बिंदू मात्र १९ टक्के सरकला. ॲप किंवा सॉफ्टवेअरचा दोष असता तर बंद पडणं टक्क्यांना असं बांधलेलं राहिलं नसतं, आणि टक्के दाखवणारं गणक भरकटलेलं असतं तर हलक्या भारावरही फोन लवकरच गेला असता. तसं होत असेल तर आधी एकदा पूर्ण संपवून, सलग १०० टक्के भरून, गणकाला नवी क्षमता शिकू द्यावी आणि मग पुन्हा बघावं. इथे त्याची गरज पडली नाही.

आता क्षमता. चार्जर आणि केबल यांच्या मध्ये लागणारा यूएसबी मीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो असायलाच हवा. त्यावर एमएएचचा आकडा बघायचा नाही, वॉट-तासांचा, म्हणजे एकूण किती ऊर्जा गेली त्याचा, बघायचा. फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज ५, ९, ११ असं बदलत राहतं आणि एमएएचला अर्थ उरत नाही. मीटर मध्ये आला की पुष्कळ कंपन्यांचं खास फास्ट चार्जिंग बंद होऊन साधं चार्जिंग सुरू होतं. मोजणीसाठी ते चांगलंच आहे, पेशी तापत नाही.

नव्या बॅटरीचं गणित: ५,००० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे १९.३५ वॉट-तास. चार्ज होताना १२ ते १८ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर २२ ते २३ दिसायला हवेत. हलक्या भारावर पूर्ण संपवून, फोन बंद ठेवून, १०० टक्के होईपर्यंत या फोनने घेतले १६.४. साडेबावीसच्या मानाने ७३ टक्के. आठवडाभर ॲक्यूबॅटरी ॲप चालू ठेवून आलेला अंदाज ३,६०० एमएएच, म्हणजे ७२ टक्के. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले की विश्वास ठेवायला हरकत नाही. एका वाटेवर एकट्याने कधीच ठेवू नये, आणि ॲपचा पहिल्याच दिवसाचा आकडा तर सोडूनच द्यावा.

आजकाल काही फोन हे सगळं स्वतःच सांगतात. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी भागात कमाल क्षमतेची टक्केवारी दिसते. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपच्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. काही शाओमी-रेडमी फोनांत *#*#६४८५#*#* टाकल्यावर एमएफ_०२ या ओळीत चार्जिंगची चक्रं (बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण भरण्याइतकी वापरली गेली ते) मिळतात. नशिबाने मिळाली तर घ्यावीत. पण चक्रांच्या आकड्यावरून बॅटरी नापास करू नये. ॲपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनसाठी ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता हे उद्दिष्ट सांगितलं आहे, आयफोन १५ पासून १,००० चक्रं. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना ८०० चक्रांनंतर ८० टक्क्यांची अट घातली आहे. हे सगळे आकडे ठरवून दिलेल्या तापमानातल्या मोजणीचे आहेत. रावेर-यावलच्या उन्हात हँडलवर तळलेल्या ४०० चक्रांची बरोबरी त्यांच्याशी होत नाही.

चार्जिंग आयसीची बाजू

हिच्यावर आळ आला होता म्हणून तीही तपासली. सकाळी, बॅटरी ३१ अंशांवर असताना, मूळ चार्जर आणि मूळ केबलने फोन फास्ट चार्जिंगला लागला आणि तासाभरात ६५ टक्क्यांच्या पुढे गेला. आयसी मेलेली असती तर हे झालं नसतं. अगदी शेवटचे १५ टक्के भरायला मात्र जवळजवळ तेवढाच वेळ लागला. हेही रोध वाढल्याचंच लक्षण. व्होल्टेजची वरची मर्यादा लवकर गाठली जाते, मग करंट कमी होत जातो आणि भरणं रेंगाळतं.

दुपारी दोनला, सावलीतलं तापमान ४३ असताना, त्याच चार्जरवर बॅटरीचं तापमान ४७ दाखवत होतं आणि चार्जिंग थांबलेलं होतं. लिथियम-आयन पेशी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. त्यावर गेलं की फोन करंट तोडतो किंवा कमी करतो. हा दोष नाही, फोन स्वतःला वाचवत असतो. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मेमध्ये सावलीतलीच हवा ४३-४५ अंशांची असते, तेव्हा चार्ज होताना पेशी त्याच्या वर जाणारच. या तक्रारीवर बॅटरी बदलून किंवा आयसी बदलून काहीही मिळणार नाही, हे फोनमालकाला आधीच स्पष्ट सांगितलं. उन्हाळ्यात दुकानांत येणाऱ्या ‘चार्जिंग घेत नाही’ तक्रारींसाठी पहिला प्रश्न हाच असावा: सकाळी घेतो का?

चार्जिंगच्या छिद्रात केळीच्या बागेतली धूळ आणि खिशातला बोळा घट्ट बसलेला होता. लाकडी टूथपिकने काढला, केबल टच्च बसली. दहा मिनिटांचं काम, पण बॅटरी बदलण्याआधीच व्हायला हवं. नाहीतर सैल केबलचा दोष नव्या बॅटरीच्या माथी जातो.

निर्णय

७३ टक्के क्षमता, ०.२८ ओहम रोध, २२ टक्क्यांवर बंद. बॅटरी बदलायची.

यात वजन कशाला दिलं ते सांगायला हवं. नुसती ७३ टक्के क्षमता असती आणि फोन शेवटपर्यंत चालत असता, तर घरात चार्जर हाताशी असलेल्या माणसाला आणखी काही महिने काढता आले असते. ‘८० टक्क्यांखाली गेली की बदला’ ही पाटी आहे, कडा नाही. पण या माणसाचा फोन शेतात, गाडी भरताना, स्टार्टरला कॉल करताना बंद पडतो, आणि जानेवारीत तो ४० टक्क्यांवर बंद पडला होता. त्याच्यासाठी वापरात येणारी बॅटरी हिवाळ्यात ७३ टक्क्यांच्याही सहा दशांशांएवढीच उरते, म्हणजे नव्याच्या निम्म्याहून कमी. आमचा कौल असा: अचानक बंद पडणं हे क्षमतेच्या टक्केवारीहून मोठं कारण धरावं, आणि फुगणं हे सगळ्यांहून मोठं. फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट अजून येत होते, स्क्रीन आणि कॅमेरा ठीक होता, त्यामुळे नवा फोन घेण्याचा विचार बाजूला पडला.

कुठली बॅटरी

६५० रुपयांची ‘६,००० एमएएच’ बॅटरी मागवून बघितली. लांबी-रुंदी-जाडी मूळ बॅटरीइतकीच. वजन काट्यावर ५४ ग्रॅम. नंतर काढलेली मूळ ५,००० एमएएचची बॅटरी ६८ ग्रॅम भरली. त्याच जातीच्या पेशीत वजन कमी आणि माल जास्त असं होत नाही. छापलेला आकडा काहीही असो, वजन फसवत नाही, आणि सोनाराचा नसला तरी ग्रॅम दाखवणारा छोटा काटा दुकानात असावाच.

दुसरी बघायची गोष्ट लेबलवरची व्होल्टेज मर्यादा. या फोनची पेशी ४.४५ व्होल्टपर्यंत भरणारी. स्वस्त बॅटरीवर ४.३५ लिहिलेलं होतं. फोन तर आपल्या सवयीने ४.४५ पर्यंतच भरणार. ४.३५ साठी बनवलेली पेशी रोज त्याच्या वर भरली की ती लवकर फुगते, आणि त्यातूनच आगीचे प्रकार होतात. हा एकच मुद्दा ती बॅटरी परत करायला पुरेसा होता.

तिसरी गोष्ट बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी. भारतात अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलवर ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव येतं. छापलेला क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला तर बॅटरी परत. चौथी, बनवल्याची तारीख: वर्ष-दीड वर्ष दुकानाच्या तापलेल्या कपाटात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते.

शेवटी जळगावच्या अधिकृत केंद्रातून मूळ बॅटरी घेतली. बसवली आम्हीच, मजुरी धरून १,५०० रुपये. ज्यांना तेवढं जाणं जमत नाही त्यांनी ती आपल्या दुकानदाराकडूनच घ्यावी, फक्त वरच्या चार गोष्टी बॅटरी बसवण्याआधी बघाव्यात. चिकटवल्यावर परत कोणी घेत नाही.

बदलताना

चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून फोन बंद. भरलेली पेशी टोचली गेली तर जास्त भडकते, रिकामी त्या मानाने शांत. सिम ट्रे आधी बाहेर, नाहीतर पॅनल उचलताना तो अडकून तुटतो. बॅक पॅनलच्या कडा ७०-८० अंशांच्या हिट प्लेटवर दोन-तीन मिनिटं. हिट गन एकाच जागी धरून ठेवली तर खालची पेशी भाजते, म्हणून ती टाळायची. प्लास्टिकची पातळ पट्टी खालच्या कोपऱ्यातून आत, बोटाच्या ठशाचा सेन्सर पाठीवर असेल तर त्याची स्ट्रिप (पातळ पट्टीसारखी वायर) तुटणार नाही इतपतच पॅनल उघडायचं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडणं. बाकी कुठल्याही स्ट्रिपला त्याआधी हात लावायचा नाही, नाहीतर बॅकलाईट किंवा डिस्प्लेची बाजू शॉर्ट होते.

इथे फोन उघडल्यावर कळलं की पेशी फुगायला लागलेली होती. पाठ बाहेरून सपाट दिसत होती ती आतल्या मोकळ्या जागेमुळे. बोट हलकेच टेकवलं तर कडक वाटायला हवी ती पिशवी मधोमध मऊ लागत होती आणि कडेला पन्नी सुटल्यासारखी सुरकुतलेली होती. आणखी एक मे महिना काढला असता तर पॅनल उचललं असतं.

फुगलेल्या पेशीला ओढताना वाकवायचं नाही. खालच्या चिकटपट्टीची ओढायची जीभ तुटली म्हणून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब कडेने सोडले, दोन मिनिटं थांबून जाड दोरा पेशीखालून करवतीसारखा सरकवला. पेचकस, ब्लेड, ट्वीझर यातलं काहीही पेशीखाली घालायचं नाही. थिनर किंवा पेट्रोल तर अजिबात नाही. शेजारी कोरड्या वाळूचं घमेलं तयार होतं. धूर किंवा गोडसर रासायनिक वास आला तर पेशी त्यात टाकून, दूर होऊन, दारं-खिडक्या उघडायच्या असतात.

बॅटरी सुटलेली होती तोवर बोर्डाचीही खात्री करून घेतली. डीसी सप्लाय (ठरवलेलं व्होल्टेज देणारं दुरुस्तीचं यंत्र) ४ व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या जागी जोडला. चालू करायचं बटण न दाबता काटा शून्यावर राहिला, म्हणजे बोर्डात गळती नाही, फोन बंद असताना बोर्ड वीज खात नाही. बटण दाबल्यावर करंट चढ-उतार करत वर गेला आणि फोन सुरळीत उघडला. ही गळती असती तर नवी बॅटरीही रात्रीतून संपली असती, आणि दोष बॅटरीला गेला असता.

नवी बॅटरी आधी नुसती जोडून फोन चालू केला, चार्जिंग घेतो का पाहिलं, मग चिकटपट्टी काढून बसवली. पेशीखाली गमचा थर घालायचा नाही. पॅनलला गम लावून दोन तास रबर बँडमध्ये दाबून ठेवलं. एक गोष्ट सांगून ठेवावी लागते: उघडलेल्या फोनची पाण्यापासूनची मूळ राखण आता राहत नाही. पावसात तो प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचा.

बदलल्यानंतरचे आकडे

त्याच पद्धतीने, त्याच वेळी. मीटरवर २२.३ वॉट-तास. ४० टक्क्यांवर तोच भार दिल्यावर घट ०.१४ व्होल्ट. व्हिडिओ रेकॉर्डिंग करत फोन २ टक्क्यांपर्यंत गेला. बंद पडण्याची तक्रार संपली.

दुपारचं चार्जिंग थांबणं तसंच राहिलं, आणि ते राहणारच होतं.

तिसरी एक तक्रार मात्र नंतर वर आली: शेतात मुक्काम असला की रात्रीतून १०-११ टक्के उतरतात, घरी २-३ टक्केच. बॅटरी नवी असूनही. बॅटरीच्या पानावर ‘मोबाईल नेटवर्क’ सगळ्यात वर होतं. शिवारात ५जीचा सिग्नल येत-जात होता आणि दुसऱ्या सिमला तर जवळपास टॉवरच नव्हता. असा फोन रात्रभर पूर्ण ताकदीने टॉवर शोधत बसतो. नेटवर्कची पसंती ४जीवर आणली, दुसरं सिम शेतात बंद ठेवायला सांगितलं. उतार ३-४ टक्क्यांवर आला. जुन्या बॅटरीवर हीच तक्रार ‘बॅटरी गेली’ या सदरात दडून बसली होती.

ही बॅटरी टिकवायची तर

लिथियम-कोबाल्ट पेशींसाठी नेहमी दिला जाणारा एक ढोबळ हिशोब आहे. वर्षभर ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ६५ टक्के क्षमता उरते, त्याच उष्णतेत ४० टक्के भरून ठेवली तर ८५. २५ अंशांत हेच आकडे ८० आणि ९६. उष्णता आणि भरलेपण एकत्र आलं की सगळ्यात जास्त मार बसतो. पत्र्याच्या खोलीत रात्रभर १०० टक्क्यांवर चार्जरला लटकलेला फोन म्हणजे नेमकं तेच. म्हणून सेटिंग्जमधली ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय मार्च ते जून चालू ठेवायची, चार्जिंग पहाटे करायचं, चार्ज होताना जाड कव्हर काढायचं, आणि हँडलवरचा होल्डर उन्हाळ्यापुरता सोडून फोन खिशात किंवा सीटखालच्या डबीत ठेवायचा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं आणि बोर्ड गंजतो. सावलीत पंख्याखाली ठेवला की पुरे.

बॅटरी संशयास्पद वाटत असेल तर तिची भाराची चाचणी डिसेंबरच्या पहाटे घ्यावी आणि बदलायची असेल तर होळीच्या आत बदलावी. थंडीतच रोध खरा दिसतो, आणि फुगायला लागलेली पेशी मेमध्ये घरात ठेवण्याचा धोका टळतो.

काढलेली जुनी बॅटरी कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावून, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवली आणि पुढच्या फेरीत जळगावच्या केंद्रात जमा केली. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात मिसळायच्या नसतात आणि उत्पादकांना त्या परत घेण्याची व्यवस्था ठेवावी लागते. भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली की ती दाबली जाते, आणि उकिरड्यावर टाकली की काडीकचरा पेटवताना तीही पेटते.